लाळ : रक्षक की यजमान?

१६८३ साली डेल्फ्टच्या लेव्हेनहूकला दातांवरील किटणात सूक्ष्म सजीव वळवळताना दिसले. १९२२ मध्ये फ्लेमिंग यांनी काही जंतूंचे कवच विरघळविणारे लायसोझाइम शोधले. ते लाळेतही आढळल्याने लाळ ही मुखाची रक्षक ठरली. परंतु हे मत अपुरे होते. बॉस्टन येथील गिबन्स व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये दाखविले की, लाळेतील प्रोलीनयुक्त प्रथिने दंतवल्काच्या खनिजावर बसली म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसीज जंतू त्यांना चिकटतात. द्रवात मोकळी असलेली तीच प्रथिने मात्र या चिकटण्यास अडथळा करीत नाहीत. खनिजावर बसताना प्रथिनाचे रूप पालटून त्याची झाकलेली स्थाने उघडी पडतात, असा त्यांनी अर्थ लावला. यावरून जंतूंचा यजमानही लाळच होय, हे स्पष्ट झाले.