न्हाणीचा उच्छ्वास

तुमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात फरशीवर जी जाळी असते, तिच्याखालच्या भांड्याला प्लंबर काय म्हणतो, ठाऊक आहे? 'नहाणी ट्रॅप'. प्लंबर ओडिशाचा असो की उत्तर प्रदेशचा, शब्द हाच. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतही तो असाच छापलेला असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आजीची न्हाणी अशी देशभरच्या बांधकामांवर जाऊन पोहोचली आहे.

गंमत अशी, की आजीच्या न्हाणीला ट्रॅप नव्हताच. वसईच्या वाड्यांमध्ये न्हाणी घराच्या मागच्या अंगाला असे. एक सपाट धोंड, शेजारी चुलीवर पाण्याचा हंडा. आंघोळीचं पाणी उघड्या पाटाने केळीच्या बुंध्याशी नाहीतर अळवाच्या वाफ्यात जाई. पाणी उघड्यावर वाहत होतं, हवा मोकळी होती. वास कोंडायला जागाच नव्हती.

मग इमारती आल्या. वसई, नालासोपारा, विरारमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस त्या भराभर उभ्या राहिल्या. न्हाणी मागच्या अंगणातून चौथ्या मजल्यावर गेली आणि पाणी बंद पाइपातून वाहू लागलं. बंद पाइपाचा स्वभाव असा, की पाणी खाली जातं आणि त्याच वाटेने दुर्गंधी वर येते.

यावरचा पहिला चांगला उपाय एका घड्याळजीने शोधला. अलेक्झांडर कमिंग हा स्कॉटलंडचा माणूस लंडनमध्ये घड्याळं बनवत असे. १७७५ साली त्याने शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्यात पाइपाला बाक दिलेला होता. बाकात थोडं पाणी साचून राहतं आणि तेच पाणी दुर्गंधीला अडवतं. आपल्या नहाणी ट्रॅपमध्येही साधारण दोन इंच पाण्याचाच पहारा असतो.

पण हा पहारेकरी कधी कधी जागा सोडून जातो. का, ते समजायला पूर्वीचं रॉकेलचं पिंप आठवा. नळी आत सोडून तोंडाने एकदा ओढलं, की रॉकेल आपोआप बाहेर येत राही. पाइपात पाण्याचा मोठा लोंढा उतरला, की मागे अशीच ओढ निर्माण होते. ती ओढ ट्रॅपमधलं पाणी घेऊन जाते. लंडनचे प्लंबर एस. स्टीव्हन्स हेलियर यांनी १८७७ साली आरोग्यदायी घरांवर पुस्तक लिहिलं. ट्रॅप रिकामा होऊ नये म्हणून पाइपाला हवा द्या, हा आग्रह त्या पिढीच्या जाणत्या प्लंबरांनी धरला. हवेच्या या वेगळ्या पाइपाला आपण 'व्हेंट' म्हणतो. आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं, तर तेलाचा मोठा डबा घ्या. एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं. म्हणून आपण समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो. व्हेंट म्हणजे ते दुसरं भोक.

हे शहाणपण फक्त विलायतेचं नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगरातलं पाणी नहरीने आणलं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळाने पुण्याच्या हौदांपर्यंत पोहोचलं. त्या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी पोकळ दगडी खांब उभे केले. आत कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे. त्या खांबांना आपल्या लोकांनी नाव दिलं, 'उच्छ्वास'. ते पिण्याचं पाणी आणि हे सांडपाणी, हे खरं. पण नळातून पाणी न्यायचं तर हवेचीही सोय हवी, हा धडा दोन्हीकडे एकच.

हा धडा आमच्याच इमारतीत पुन्हा गिरवावा लागला. एका शेजाऱ्यांनी बाथरूम नवं केलं. शॉवर दाराजवळून समोरच्या भिंतीला नेला, काचेचा आडोसा केला. जाळीही पाच-सहा फूट सरकली. फरशी इतकी सुंदर, की मजल्यावरचे सगळे बघायला गेलो. महिनाभराने वरच्या मजल्यावर बादली ओतली की यांच्या जाळीतून गुडगुड ऐकू येई, आणि रात्री वास. फिनाईल झालं, जाळी बदलून झाली. शेवटी एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी वरून बादली ओतायला लावली, स्वतः जाळीशी बसले आणि मला म्हणाले, "चाचा, पाणी खेचलं जातंय. पाइप लांबवला, व्हेंट कुठाय?"

फरशी पुन्हा फुटली. मिस्त्रींनी ट्रॅपच्या जवळच, पाइप खाली वळण्याआधी, हवेचा पाइप काढला. तो सरळ वर चढवला, बेसिनच्या काठापेक्षा उंच नेला आणि मग मुख्य व्हेंटला जोडला. आडव्या पाइपाला नीट उतार दिला. गुडगुड थांबली, वासही गेला.

वासापुरतंच हे असतं तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली. तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तिथल्या आरोग्य खात्याच्या तपासात बोट गेलं ते बाथरूमच्या जाळ्यांकडे. लोक फरशी नुसती पुसून घेत, त्यामुळे ट्रॅप कोरडे पडले होते. पंखा लावला की पाइपातली दूषित हवा घरात ओढली जाई. दोन इंच पाणी जागेवर नव्हतं, म्हणून एका घरचा आजार दुसऱ्या घरी गेला.

आपल्याकडे मे महिन्यात घरं बंद करून लोक गावी जातात. कित्येक फ्लॅट वर्षभर कुलुपातच असतात. तेव्हा जाण्याआधी आणि आल्यावर जाळीत तांब्याभर पाणी ओता. बंद फ्लॅटची किल्ली शेजारी असेल, तर अधूनमधून त्याच्याकडून ओतून घ्या. बाथरूम नवं करताना टाइल्सचा रंग निवडण्याआधी मिस्त्रींना व्हेंटचं विचारा. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगआधी एकदा गच्चीवर जाऊन या. पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड घालताना किंवा गळती बंद करताना तिथला उघडा पाइप कोणी कापला, झाकला, सिमेंटने बुजवला तर नाही ना, ते बघा. बिनकामाचा दिसणारा तो पाइप खालच्या सगळ्या घरांचा उच्छ्वास आहे.