उपवासाला चालणारा परदेशी

मांजरी म्हटलं की पुणेकराला आधी वांगं आठवतं, मग ऊस आणि द्राक्षं. ‘मांजरी गोटा’ हे वाण गावाच्याच नावाचं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथेच. लाल भोपळ्याचं एवढं कौतुक कुणी केलं नाही. तो वाढतो बांधाला, उकिरड्याच्या कडेला, नाहीतर परसातल्या एखाद्या आळ्यात. वेल पत्र्यावर चढवला की जागेचाही प्रश्न मिटतो.

इतका घरचा वाटणारा हा वेल मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाच्या गुहेत त्याच्या एका भाऊबंदाच्या बिया सापडल्या. माणसानं लावलेल्या वेलाच्या त्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. १४९२ नंतर या कुळानं समुद्र ओलांडला. आपल्या किनाऱ्यावर ते पोर्तुगीजांबरोबर उतरलं, असं मानतात.

आपल्याकडे तोवर दुध्या आणि कोहळा मुरलेले होते. आळं, मांडव, शेणखत सगळं तयार होतं. नवा पाहुणा त्यातच सामावला, पण सवयी स्वतःच्या घेऊन. दुध्याचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलणारं. याचं पिवळंधमक फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा आधीच धरलेला असतो, पण परागकण पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. अमेरिकेत याच कुळाच्या फुलांवर जगणाऱ्या खास माश्या आहेत. त्या काही सोबत आल्या नाहीत. इथे ते काम आपल्या मधमाश्यांनी उचललं. वस्ती दाटली आणि माश्या फिरकेनाशा झाल्या, तर सकाळी नर फूल खुडावं, पाकळ्या काढाव्यात आणि केसर मादी फुलाला हलकेच लावावा.

भोपळा टिकला तो मुळात टिकाऊ म्हणून. देठ वाळला, सालीत नख रुतेनासं झालं की देठासकट काढायचा आणि कोरड्या जागी ठेवायचा. पुढे काही महिने घरात भाजीची बेगमी असते. कुठे तो डांगर, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ. भाजीला मेथीदाण्याची फोडणी, सालासकट फोडी, गूळ, ओलं खोबरं. वाफवून कुस्करला आणि दही घातलं की भरीत. पण त्याचं खरं चीज होतं घारग्यांत. कीस तुपावर परतायचा, गूळ घालून शिजवायचा आणि त्या पाकात मावेल तेवढीच कणीक भिजवायची. पाण्याचा थेंब नाही. जाडसर थापून, खसखस दाबून मंद आचेवर तळले की ते प्रवासातही टिकतात.

एवढ्यावरच तो थांबला नाही. बऱ्याच घरांत तो एकादशीलाही चालतो. तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. पानात शेजारी बटाटा, रताळं, साबुदाणा. मूळ गाव विचारलं, तर यातला जवळजवळ प्रत्येक जण अमेरिकेकडे बोट दाखवेल. कांदा-लसणाला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या सोवळ्यानं या सगळ्यांना बिनतक्रार आत घेतलं. काय चालतं आणि काय नाही, याचा निवाडा पोथीपेक्षा स्वयंपाकघरानंच अधिक केलेला दिसतो.