लीन म्हणजे माणसं कमी करणं का?

दिव्याहून लोकलच्या दारात लोंबकळत ऐकत असाल, तर आधी आत सरका, मग ऐका.

माझी पहिली नोकरी ठाण्यातल्या एका कारखान्यात होती. एक दिवस भिंतीवर पोस्टर लागलं, 'लीन मॅनेजमेंट'. साहेब म्हणाले, "जे फालतू आहे ते काढायचं." आणि काढलं काय, तर प्रत्येक पाळीतला रिलिव्हर! मग दिव्याला माझी गाडी चुकली की अख्खी लाइन खोळंबायची आणि बोलणी मला.

खरं लीन असंच असतं का? थोडं मागे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये टोयोटाची परिस्थिती बेताची होती. तिथले ताइइची ओनो वाया जाणाऱ्या गोष्टी हुडकू लागले. पडून राहिलेला माल, नुसतं थांबणं, उगाचचे हेलपाटे. याला जपानीत 'मुदा' म्हणतात. पण त्याच पद्धतीत चूक दिसली की लाइन थांबवायचा हक्क साध्या कामगारालाही मिळाला. १९८८ साली जॉन क्राफचिक या अमेरिकन अभ्यासकाने या पद्धतीला 'लीन' हे नाव दिलं.

आता आपल्या रुळांवर येऊ. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी, १८९० साली, महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवायला सुरुवात केली. डबेवाल्यांकडे गोदाम नाही. सकाळी उचललेला डबा जेवणाच्या वेळेला पोचतो आणि रिकामा होऊन त्याच दिवशी घरी परततो. डब्यावरच्या रंग, अक्षर आणि आकड्यांच्या खुणांत स्टेशन, इमारत, मजला सगळं येतं. कमी शिकलेला माणूसही त्या बिनचूक वाचतो. गटाचा मुकादमसुद्धा स्वतः डबे उचलतो.

आणि गंमत ऐका. हार्वर्डच्या स्टीफन थॉमके यांनी या कामाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा असतात! कोणी आजारी पडलं, गाडी रखडली, की तीच धावून जातात. एवढं काटेकोर काम, पण जादा माणूस त्यांनी काढला नाही. कारण तो 'मुदा' नाहीच, त्याच्या जिवावर तर वेळ पाळली जाते.

म्हणून तुमच्या ऑफिसात असं पोस्टर लागलं, तर दोनच प्रश्न विचारा. लाइन थांबवायचा हक्क कोणाला आहे? आणि आमचा जादा माणूस कुठे आहे?

भेटू पुढच्या भागात. उतरताना सांभाळून!