ओतूरचे दुष्काळपत्र

१९९२ साली रिर्क्रित तिरावनिजा या थाई कलावंताने न्यूयॉर्कमधील एका कलादालनात चित्रे न मांडता शेगडी मांडली, भात व रस्सा शिजवला आणि आल्यागेल्यास तो फुकट वाढला. त्याच्या कितीतरी आधी, १९४३ च्या दुष्काळात, चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडून शाईच्या रेघांनी उपाशी माणसांची चित्रे काढली होती, आणि ज्या पुस्तकात ती छापली ते ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळले होते. अन्न वाढणारा हात आणि अन्नावाचून खंगलेला देह या दोन्ही गोष्टी आशियाच्या अर्वाचीन कलेत पुनःपुन्हा येतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावच्या मुलखात दोहोंचीही नोंद फार जुनी आहे; मात्र पहिलीची नोंद दगडात झाली आणि दुसरीची मुख्यतः एका पत्रात, आणि मला ते पत्र त्या दगडांहून मोलाचे वाटते.

दगडांविषयी थोडे सांगितले पाहिजे. शिवनेरीच्या कड्यातील एका लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक आखूड लेख आहे. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघास भोजनमंडप दान दिला, एवढाच त्याचा आशय. इरिल नावाच्या दुसऱ्या एका यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, खोदवून दिली. जुन्नरच्याच लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिल्याचा लेख आहे, यावरून त्या काळी या पेठेत धान्याचा व्यापार करणारे संघटित आणि संपन्न होते हे उघड दिसते. घाटमाथ्यावर, नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेच्या प्रशस्तीत यज्ञांची आणि दक्षिणेदाखल दिलेल्या गाईंची, घोड्यांची व कार्षापणांची लांबच लांब गणती आहे. दात्यांची नावे राहिली. ज्यांनी ते धान्य पिकवले, त्यांच्या घरी त्या वर्षी चूल पेटली की नाही, हे कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नाही.

पश्चिमेस भाताची व नाचणीची डोंगरउताराची खाचरे, पूर्वेस बाजरीची कोरडवाहू शेते, अशा या प्रदेशात पाऊस चुकला की उपासमार ठरलेली. शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला ते १६३० साल दख्खनच्या एका भीषण दुष्काळाच्या आरंभाचे साल होय. त्याच दुष्काळात देहूस तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. गडावर अंबारखान्याची जाड भिंतींची वास्तू आजही उभी आहे, आणि तिच्या सावलीत उभे राहिले की धान्याचा साठा राखणे हे राज्यकर्त्यांना तटबंदीइतकेच महत्त्वाचे का वाटे, हे निराळे समजावून घ्यावे लागत नाही. परंतु अंबारखाना गडकऱ्यांच्या पोटासाठी. खालच्या रयतेला आसरा असे तो सावकाराचा. इंग्रजी अमलात सारा रोखीने भरावा लागू लागला, सारा भरण्यासाठी कर्ज, कर्जासाठी खत आणि खतापायी जमीन, असा फेरा सुरू झाला. १८७५ साली याच जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, आणि त्याच सुमारास आंबेगावच्या डोंगरात जांभोरीच्या होन्या केंगले या महादेव कोळी पुढाऱ्याने सावकारांवर हत्यार उचलले.

पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. सावित्रीबाई फुले तेव्हा जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे दुष्काळग्रस्तांच्या मदतीस गेल्या होत्या, आणि तेथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना जे पत्र लिहिले, त्यात नद्या, नाले व तळी आटल्याचे, जमिनीला भेगा पडल्याचे, झाडांवर पान न उरल्याचे, जनावरे व माणसे धरणीवर पडून मरत असल्याचे, कोणी पोटची मुले विकून गाव सोडत असल्याचे, कोणी विषारी फळे खात असल्याचे वर्णन एकही अलंकार न वापरता केले आहे. सत्यशोधक मंडळींनी समित्या नेमून अन्न पोचवण्याचे काम हाती घेतले होते. सावकार मात्र संधी साधत होते आणि दंगे उसळत होते. कलेक्टर फौजफाटा घेऊन आले, पन्नास सत्यशोधक धरले गेले, आणि सावित्रीबाईंना बोलावणे आले. निरपराध माणसांवर खोटे आळ का घातले, असे त्यांनी कलेक्टरांना तोंडावर विचारले व त्यांची सुटका मागितली. कलेक्टरांनी ती केली, शिवाय ज्वारीच्या चार गाड्या पाठवल्या. १८७७ साली एका बाईने कलेक्टरांना जाब विचारावा आणि त्याचे उत्तर ज्वारीच्या रूपाने गावात यावे, याहून मोठी घटना या मुलखाच्या अन्नेतिहासात मला दिसत नाही.

हे पत्र आरंभी नमस्कार घालते आणि लगेच दुष्काळाकडे वळते. इकडील क्षेम कळवून तिकडील क्षेम विचारण्याचा त्या काळच्या पत्रलेखनाचा जो शिरस्ता, त्याला तेथे जागाच उरली नव्हती. आमच्या या भागात रामराम झाला की पाऊसपाण्याची चौकशी आणि तिच्यामागोमाग ‘भाकर खाल्ली का?’ हा प्रश्न येतो. विहिरीवर, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, कोठेही. ज्या घरी मडक्यात पीठ नाही, त्या घरच्या बाईने दारी आलेल्याला हा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारावा? दुष्काळ धान्य नेतो, तसा माणसाचा हा साधा शिष्टाचारही नेतो, आणि इतिहासाच्या बखरींत या दुसऱ्या हानीची नोंद होत नाही. ती करण्याचे काम चित्रकारांनी आणि लेखकांनीच करावे.

साताऱ्याहून आधी ओतूरला यावे आणि मग अहमदनगरला जावे, असे सावित्रीबाईंनी जोतीरावांना त्या पत्रात सुचवले आहे. पुढे मे महिन्यात जोतीरावांनी दुष्काळपीडितांसाठी जाहीर पत्रक काढले, आणि पुण्याजवळ धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रमात भुकेल्या मुलांना जेवू घालण्याचे काम चालवले.