काबूलच्या मुलींचा वाद्यवृंद

आजच्या भाषणाचा विषय आहे ऑर्केस्ट्रा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट दुसऱ्या प्रकारच्या ऑर्केस्ट्राची. त्यात तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त वादक एका वेळी वेगवेगळी वाद्यं वाजवतात. समोर एकजण उभा राहून हातांच्या खुणांनी त्यांना चालवतो. लेझीमच्या डावात शिट्टीवाला असतो ना, त्याच्या शिट्टीवर सगळ्यांची पावलं बदलतात, तसंच हे. या माणसाला संचालक म्हणतात. तो स्वतः एकही वाद्य वाजवत नाही, पण त्याच्याशिवाय मेळ बसत नाही.

हा वाद्यवृंद अफगाणिस्तानातला, फक्त मुलींचा. त्याचं नाव ‘झोहरा’. फारसी साहित्यात झोहरा ही संगीताची देवता मानली जाते.

अफगाणिस्तान आपल्याला लांबचा वाटतो, पण तिथलं संगीत आपल्याला परकं नाही. १८६०च्या दशकात काबूलचे अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानातून गवई आणि वादक आपल्या दरबारात नेले. त्यांची वस्ती काबूलच्या खराबात मोहल्ल्यात झाली. त्यांच्याबरोबर आपले राग गेले, तबला गेला. तिकडचं रबाब हे तंतुवाद्य आपल्याकडे आलं आणि त्यातून सरोद घडलं, असं जाणकार सांगतात. पुढे काबूलला रेडिओ आला. १९५०च्या दशकात मीरमन परवीन यांचा आवाज त्या रेडिओवरून घराघरांत पोहोचला. रेडिओवर गाणाऱ्या पहिल्या अफगाण स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

मग युद्धं सुरू झाली. १९९६ साली तालिबाननं काबूल घेतलं आणि संगीतावर बंदी घातली. कॅसेटमधली फीत ओढून काढायची आणि खांबांवर, झाडांवर लटकवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दहशत बसावी. मुलींच्या शाळा बंद झाल्या. हे २००१पर्यंत चाललं.

या काळात अनेक कलावंत देश सोडून गेले. त्यांतले एक अहमद सरमस्त. त्यांचे वडील सलीम सरमस्त हे नावाजलेले संगीतकार. अहमद ऑस्ट्रेलियात स्थिरावले, तिथे त्यांनी संगीतात डॉक्टरेट मिळवली. सुखानं राहता आलं असतं, पण ते २००८ साली काबूलला परतले. २०१० साली त्यांच्या पुढाकारानं अफगाणिस्तानची राष्ट्रीय संगीत संस्था सुरू झाली.

या शाळेत प्रवेश देताना अनाथ मुलांना आणि रस्त्यावर वस्तू विकून पोट भरणाऱ्या मुलांना खास जागा ठेवल्या होत्या. मूल शाळेत गेलं की घरची कमाई बुडते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून अशा मुलांच्या घरी दरमहा थोडी रक्कम दिली जायची. मुलं-मुली एका वर्गात शिकायची. सतार, सरोद, तबला शिकवायला भारतातून शिक्षक जायचे.

या शाळेतल्याच एका मुलीनं मागणी केली, की आम्हा मुलींचा वेगळा गट करा. २०१४च्या सुमाराला मोजक्या मुलींनी सुरुवात झाली. पुढे तीसच्या आसपास मुली जमल्या, साधारण तेरा ते वीस वर्षांच्या. रबाब, सतार, तबला यांच्याबरोबर त्या व्हायोलिन आणि बासरीही वाजवू लागल्या.

त्याच वर्षी, डिसेंबर २०१४मध्ये, काबूलच्या एका सभागृहात शाळेची मुलं नाटकाला संगीत देत होती. नाटकाचा विषयच आत्मघाती हल्ला हा होता. प्रेक्षकांत बसलेल्या हल्लेखोरानं स्फोट घडवला. सरमस्त जबर जखमी झाले. कानांचे पडदे फाटले, डोक्यात स्फोटाचे तुकडे घुसले. संगीतकाराचे कानच गेले तर काय उरतं? उपचारांसाठी त्यांना ऑस्ट्रेलियाला नेलं. ऐकू येऊ लागल्यावर ते पुन्हा काबूलला आले आणि शाळा चालू ठेवली.

आता झोहराच्या संचालिकेकडे येऊ. तिचं नाव नगीन ख्पलवाक. कुनार प्रांतातली ही मुलगी. तिकडे मुलींना शिकणं अवघड, म्हणून वडिलांनी तिला लहानपणीच काबूलला एका बालगृहात ठेवलं. ती संगीताच्या शाळेत जाते हे कळल्यावर नातेवाईक खवळले. धमक्या आल्या. वडील मात्र तिच्या बाजूनं उभे राहिले. ती अफगाणिस्तानातली पहिली स्त्री संचालक म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या जोडीला व्हायोला हे वाद्य वाजवणारी झरीफा अदिबा होती. जानेवारी २०१७मध्ये झोहराच्या मुली स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेल्या. जगभरचे पुढारी आणि उद्योगपती तिथे दरवर्षी जमतात. त्यांच्यासमोर या मुलींनी वाजवलं आणि संचालन दोघी मुलींनी केलं. पुढच्या वर्षी, २०१८ साली, त्यांच्या शाळेला स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कार मिळाला.

१५ ऑगस्ट २०२१ला तालिबान पुन्हा काबूलमध्ये आलं. शाळेची इमारत ताब्यात गेली. मुलींनी वाद्यं घरात ठेवायचीही भीती घेतली. नगीननं कार्यक्रमांची आठवण म्हणून जपलेले फोटो आणि कागद स्वतःच्या हातानं जाळले, कारण ते सापडले असते तर जिवावर बेतलं असतं. ती पुढे अमेरिकेला पोहोचली.

सरमस्त तेव्हा ऑस्ट्रेलियात होते. ते स्वतः सुरक्षित होते, पण शाळा काबूलमध्ये अडकली होती. इथे आम्हाला संचालकाचं खरं काम दिसतं. निवडक चार हुशार वादक बाहेर काढणं त्या मानानं सोपं गेलं असतं. त्यांनी सगळ्यांसाठी धडपड केली: मुलं, मुली, शिक्षक, कर्मचारी. ऑगस्टच्या अखेरीस मुलं बसमधून विमानतळापर्यंत गेली, तासन्‌तास थांबली आणि तशीच परत फिरली. जगातल्या नामवंत वादकांनी शब्द टाकला, कतार सरकारनं विमानांची सोय केली, पोर्तुगालनं आसरा देऊ केला. ऑक्टोबरमध्ये पहिली तुकडी, सुमारे शंभर जण, कतारला पोहोचली. नोव्हेंबरमध्ये शेवटची तुकडी निघाली. डिसेंबर २०२१मध्ये एकूण २७३ जण पोर्तुगालला उतरले. बरीच वाद्यं मात्र मागेच राहिली. अनेक मुलामुलींचे आईवडीलही मागे राहिले.

निर्वासित हा शब्द आपल्या मातीलाही माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले होते. त्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं आली आणि त्यातून उल्हासनगर उभं राहिलं. घर सोडून आलेली माणसं रिकाम्या हातानं येतात, पण भाषा, रांधप, गाणी बरोबर घेऊन येतात. ती टिकवायला जागा मिळाली तर माणूस उभा राहतो.

पोर्तुगालमध्ये या मुलांनी पुन्हा रियाज सुरू केला. आधी लिस्बनला, मग उत्तरेकडच्या ब्रागा आणि गिमाराइश या गावांत ती राहू लागली. आता मुलं-मुली मिळून अफगाण युवा वाद्यवृंद म्हणून ती वाजवतात. रस्ता अजून सोपा नाही. २०२४च्या मार्चमध्ये ब्रिटनचा दौरा ठरला होता, तर तिथल्या सरकारनं आधी व्हिसा नाकारला. ओरड झाल्यावर मग दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला.

आणि त्याच ऑगस्ट २०२४मध्ये अफगाणिस्तानात एक कायदा जाहीर झाला. स्त्रीचा आवाज हाही झाकून ठेवायची गोष्ट आहे, तिनं सार्वजनिक ठिकाणी गाऊ नये, मोठ्यानं वाचू नये, असं तो कायदा म्हणतो. त्याच्या वर्षभर आधी हेरातमध्ये वाद्यांची होळी झाली होती. म्हणजे एकीकडे परदेशात मुली वाजवताहेत आणि त्यांच्या गावी त्यांच्या आईला अंगाईसुद्धा दबक्या आवाजात म्हणावी लागते आहे.

हे भाषण आम्ही माइकसमोर करतो, तुम्ही ते घरात, शेतात ऐकता. काही जणी ते इथे छापलेलं वाचाल, गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवाल. मीरमन परवीन यांच्या देशात आज बाईला एवढंही करता येत नाही. म्हणून आमची एक सूचना आहे. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की प्रत्येकीनं आपल्या आजीचं किंवा सासूचं एखादं गाणं म्हणावं, आणि ते शेजारी बसलेल्या मुलीला शिकवावं. कागद जाळता येतो, वाद्य मोडता येतं. दुसरीला शिकवलेलं गाणं मात्र तिच्याबरोबर चालत जातं. त्या २७३ जणांनी तेच तर नेलं.