यंत्रांचा डाव आणि न्यायाची कसोटी

भिलाईचा इतिहास सांगताना सोव्हिएत रशियाचे स्मरण अपरिहार्य ठरते. १९५५ च्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे त्याच रशियातील काही शास्त्रज्ञांनी संगणकांच्या बुद्धिबळाची जी कसोटी पाहिली, ती आम्हां भिलाईकरांना विशेष उद्बोधक वाटते.

१९६६ च्या अखेरीस मॉस्को येथील एका भौतिकी संस्थेची आज्ञावली आणि अमेरिकेतील स्टॅनफर्डची आज्ञावली यांच्यात तारायंत्राद्वारे चार डावांचा सामना सुरू झाला. तो १९६७ साली संपला. रशियन आज्ञावली प्रत्येक शक्य चाल तपासत असे. अमेरिकन आज्ञावली निवडक चालींचाच विचार करी. रशियनांनी दोन डावांत तीन अर्धचालींपर्यंत शोध घेतला, ते डाव बरोबरीत सुटले. उरलेल्या दोन डावांत पाच अर्धचालींपर्यंत, ते जिंकले. ३-१ या निकालाहून आम्हांस मोलाची वाटते ती ही मांडणी. प्रतिस्पर्धी तोच आणि शोधाची खोली तेवढी निराळी! मात्र दोन्ही देशांची यंत्रे भिन्न होती आणि डाव अवघे चार. म्हणून कोणती पद्धत श्रेष्ठ, हे त्यातून सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.

१९७४ साली स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मॉस्कोच्या त्याच परंपरेतील 'कैसा' चारही डाव जिंकून विजेती ठरली. तथापि अमेरिकेच्या 'चेस ४.०' शी तिची स्पर्धेत गाठच पडली नाही. नंतर खेळलेला मैत्रीचा डाव बरोबरीत सुटला. विजेतेपद निर्विवाद, श्रेष्ठत्व मात्र अनिर्णित!

माणसांच्या जगातही हाच प्रश्न उभा राहिला होता. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा आक्षेप घेतले गेले. परंतु एका पटावर बसूच दिले नाही, तर कोण दुर्बळ हे ठरवायचे कशावरून? संधी नाकारणारा पुरावाही नाकारीत असतो.

कसोटीचे नियम पुढे हळूहळू घडत गेले. तीच सुरुवात दोघांनाही दोन्ही रंगांनी खेळावयास द्यावी, वेळ व यंत्रबळ समान असावे आणि डाव पुष्कळ व्हावेत. २०१७ साली 'अल्फाझीरो' ने 'स्टॉकफिश' विरुद्धच्या १०० डावांपैकी २८ जिंकले व ७२ बरोबरीत सोडविले. तेव्हा जाणकारांनी यंत्रांतील तफावतीवर आणि दर चालीस ठराविक एक मिनिट देण्यावर बोट ठेवले. २०१८ साली बदललेल्या वेळमर्यादेत झालेल्या १००० डावांचा तपशील प्रसिद्ध झाला : १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. वेळेविषयीच्या शंकेला उत्तर मिळाले, ते वादाने नव्हे, अधिक डावांनी. यंत्रांच्या तफावतीचा प्रश्न मात्र उरलाच.

एका नमुन्यावरून साऱ्या भट्टीची पारख होत नाही, हे पोलादाच्या या गावात कोणास सांगावयास नको. दूरदेशी येऊन वसलेल्या आम्हां मराठी माणसांचीही अपेक्षा याहून वेगळी नाही : पारख व्हावी, पण समान पटावर आणि पुरेसे डाव पाहून.