जनवकिलीचे बळ : पालघर आणि बोईसर-तारापूरच्या लोकसंघटना

‘ॲडव्होकसी’ या शब्दाला मराठीत ‘जनवकिली’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. न्यायालयात वकील अशिलाच्या वतीने बोलतो. जनवकिलीत मात्र अशिलाने स्वतःच बोलायला शिकावे, अशी अपेक्षा असते. एखादा कायदा, धोरण किंवा प्रकल्प यांचा ज्यांच्या जगण्यावर परिणाम होतो, त्यांनी संघटित होऊन आपले म्हणणे पुराव्यानिशी निर्णयकर्त्यांपुढे मांडणे आणि निकाल लागेपर्यंत त्याचा पाठपुरावा करणे, हा तिचा गाभा होय. ही क्षमता उपजत नसते, ती घडवावी लागते. कशी, हे पाहायचे तर १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. डोंगरपट्टीतील वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, किनाऱ्यावरील मांगेला आणि अन्य मच्छीमार, मधल्या पट्ट्यात तारापूरची औद्योगिक वसाहत आणि देशातील पहिले अणुवीज केंद्र, अशी या जिल्ह्याची रचना आहे.

वेठीविरुद्धचा पहिला धडा

या परंपरेचा आरंभ वारल्यांच्या उठावापासून मानला जातो. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी येथे किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. वेठबिगार करायची नाही आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबवणारी ‘लग्नगडी’ची पद्धत मोडायची, असा निर्धार तेथून पाड्यापाड्यांत पोहोचला. पुढे गवत कापणीचा दर ठरवून मागण्यात आला : पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, माणसे दगावली, तरीही चळवळ थांबली नाही. गोदावरी परुळेकर यांनी या काळाचे अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदवले आहेत. केवळ ‘अन्याय होतो’ असे न म्हणता ठरावीक कामाला ठरावीक मोबदला मागणे, हा त्या लढ्याने दिलेला पहिला धडा होता.

शिबिर आणि तरुण मंडळ

१९७० च्या सुमारास पालघर परिसरात काळूराम धोदडे यांच्या पुढाकाराने भूमिसेना उभी राहिली. सावकारांनी बळकावलेल्या जमिनी, किमान वेतन आणि रोजगार हमीची कामे हे तिचे विषय होते. गावोगावच्या तरुण मंडळांतून ती वाढली. प्रश्न काय आहे, याची चर्चा बाहेरच्या तज्ज्ञाने नव्हे तर गावकऱ्यांनीच करायची, ही तिची रीत अभ्यासकांनाही लक्षणीय वाटली आणि १९७० च्या दशकाअखेर तिच्यावरील अभ्यास आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रसिद्ध झाला. अन्य हक्कांतरित जमिनी आदिवासींना परत देण्याचा कायदा १९७४ साली झाला होता. पण कायदा झाला म्हणून जमीन परत मिळत नाही, त्यासाठी कुणीतरी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे भूमिसेनेने ओळखले होते.

१९७८ मध्ये डहाणू-जव्हार भागात कष्टकरी संघटना स्थापन झाली. वसईच्या पूर्व पट्ट्यात विवेक पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी श्रमजीवी संघटना उभारून वेठबिगारांच्या मुक्तीचे काम हाती घेतले. वेठबिगारीला बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७६ चा. परंतु वेठबिगार आहे हे सिद्ध करणे, मुक्तीचा दाखला मिळवणे आणि पुनर्वसनाची रक्कम पदरात पाडून घेणे, यासाठी संघटनेचेच पाठबळ लागले.

हा अनुभव केवळ पालघरचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९४७ साली मेक्सिकन वंशाच्या नागरिकांनी ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ स्थापन केली. मतदार नोंदणीवर भर देणाऱ्या या संघटनेच्या बळावर १९४९ मध्ये एडवर्ड रॉयबल लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेवर निवडून आले. सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा हे शेतमजुरांचे नेते याच संघटनेत तयार झाले. एखाद्याच्या घरी दहा-बारा जणांची बैठक घेऊन कार्यकर्ते शोधण्याची तिची पद्धत आपल्याकडील पाड्यावरच्या बैठकीहून फारशी वेगळी नव्हती.

तोंडी साक्षीला मोल

वनजमिनीचा प्रश्न हा पालघरच्या संघटनांच्या शिकण्यातील सर्वांत मोठा टप्पा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या दळी जमिनीचा कागद आदिवासीकडे नसतो आणि कागद नाही म्हणून तो अतिक्रमक ठरतो. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या याचिकेतून हाच प्रश्न ऐरणीवर आला. पुढे केंद्रीय वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला आणि त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदन हा पुरावा म्हणून मान्य करण्यात आला. जुनी झाडे, विहिरी, बांध, स्मशाने या भौतिक खुणाही त्यात आल्या. म्हाताऱ्यांची आठवण कायद्याच्या भाषेत उतरली, ती अशी.

मात्र दावा टिकण्यासाठी तयारी लागते. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती दावा तपासते, मग तो उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. निर्णय अमान्य असल्यास साठ दिवसांत दाद मागता येते. दावा फेटाळल्याचे कारण लेखी मागणे, मोजणीच्या वेळी हजर राहणे, प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवणे, या किरकोळ वाटणाऱ्या सवयींवर कुटुंबाची जमीन अवलंबून असते. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने ‘पेसा’ कायद्यानुसार ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये लागू केले. परंतु ठराव नीट लिहिता येत नसेल, तर हा अधिकार कागदावरच राहतो.

बोईसर-तारापूरचे पाणी

किनाऱ्याकडे प्रश्नाचे रूप बदलते. रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात आणि आसपासच्या खाड्यांत जाते. मासे मरतात, मच्छीमाराचे जाळे रिकामे येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. एका जातीच्या सामाजिक परिषदेने विवाह-शिक्षणाच्या पलीकडे जाऊन पर्यावरणाचा खटला चालवणे, ही घटनाच क्षमतेच्या वाढीची खूण आहे. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ या तत्त्वानुसार कारखाने आणि सामुदायिक प्रक्रिया केंद्रावर भरपाईची जबाबदारी टाकली. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

अशा लढ्यात पुराव्याची शिस्त वेगळी असते. बाटलीत भरून आणलेले लालसर पाणी संताप दाखवते. मात्र कायदेशीर नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने विहित पद्धतीनेच घ्यावा लागतो. म्हणून मासे मेल्याचे दिसताच तारीख, वेळ व ठिकाण यांसह छायाचित्र घेणे, मंडळाला त्याच दिवशी लेखी कळवणे आणि पंचनाम्याचा आग्रह धरणे आवश्यक ठरते. तपासणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येतो. उत्तरासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत आहे.

वाढवण : यश आणि मर्यादा

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि १९९८ मध्ये त्याने वाढवण बंदराचा प्रस्ताव नाकारला. मच्छीमार, शेतकरी, डायमेकर आणि पर्यावरणवादी यांच्या एकत्रित विरोधाचे ते मोठे यश होते. मात्र पुढे चित्र पालटले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये सशर्त ना-हरकत दिली, एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये भूमिपूजन झाले.

याचा अर्थ जनवकिली निष्फळ असते, असा नव्हे. पण एकदा मिळालेला निर्णय कायमचा नसतो आणि जुन्या कार्यकर्त्यांची जागा घेणारी नवी पिढी तयार नसेल, तर पंचवीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो, हे त्यातून दिसते. यापुढे भरपाई, मासेमारीचे क्षेत्र, रोजगार आणि घातलेल्या अटींचे पालन यांवर लक्ष ठेवण्याचे कामही या संघटनांनाच करावे लागणार आहे.

क्षमता म्हणजे नेमके काय?

या सगळ्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. नियमित बैठक आणि तिचे इतिवृत्त. गावातल्याच तरुण-तरुणींना कायद्याचे प्रशिक्षण. त्यातही स्त्रियांना, कारण पाणी, रेशन, मासळीबाजार यांची खबर त्यांनाच आधी असते. अर्ज, पोचपावत्या, नकाशे आणि निकाल यांचे गावातच ठेवलेले दप्तर. डोंगरपट्टी व किनारपट्टी यांच्यातील संवाद, कारण दोघांच्या हरकती एकाच जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होतात. आणि सभासदांच्या वर्गणीवर चालणारा खर्च. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थांना असा निधी लहान संघटनांकडे वळवता येत नाही. त्यामुळे स्वतःच्या वर्गणीचे महत्त्व वाढले आहे.

बाहेरचा वकील, पत्रकार किंवा प्राध्यापक मदतीला हवाच. पण तो निघून गेल्यावर ग्रामसभेत उभे राहून आपल्या जमिनीचा गट क्रमांक, दाव्याची तारीख आणि कायद्याचे कलम सांगणारी व्यक्ती गावात उरते की नाही, यावरच संघटनेचे बळ जोखले पाहिजे.